तरण्या कोंबड्यांचं काय करायचं: एक ठेवावा, वेगळे कोंडावेत की सगळेच काढावेत?

खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखालून दहा पिल्लं निघाली, तर त्यात पाच कोंबडे असणार हे धरूनच चालावं. कधी तीनच असतात, कधी सात. गिरिराज किंवा वनराजा या सुधारित जातींची एक दिवसाची पिल्लं विकत आणली तरी ती बहुतेक वेळा नर-मादी मिसळूनच मिळतात. सहाव्या-आठव्या आठवड्यात काहींचा तुरा लाल व्हायला लागतो, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार, चकाकती पिसं येतात. मग एका पहाटे घसा बसल्यासारखा चिरका आवाज येतो. तिथून पुढे निर्णयाला फार तर महिना-दीड महिना मिळतो.

एवढी घाई कशाला? तर याच वयाचे कोंबडे तलंगांच्या (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या माद्यांच्या) आधी वयात येतात. गावठी तलंग साडेपाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येते, कोंबडा मात्र चौथ्या महिन्यातच तिच्यामागे धावू लागतो. ती अजून तयार नसते, खाली बसत नाही. मग तो तिची मान चोचीत धरून तिला ओढतो, आणि दोन-तीन भाऊ असले तर एक उतरेपर्यंत दुसरा चढायला उभा असतो. तलंगांच्या डोक्यामागची आणि पाठीवरची पिसं जातात, बगलेखाली नखांनी चिरा पडतात. भेदरलेल्या तलंगा दाण्यावर यायचं सोडून उंचावर बसून राहतात. खुराड्यात हे दिसू लागलं की ‘बघू पुढे’ हा पर्याय संपतो.

एक ठेवणं की एकही न ठेवणं

खरी निवड ही आहे, बाकीचे पर्याय याच्या आजूबाजूचे. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. हे लिहावं लागतं, कारण अजूनही अनेकांना वाटतं की कोंबडा गेला तर अंडी थांबतील. तसं होत नाही. ‘कोंबड्याचं अंडं जास्त ताकदीचं’ असंही म्हणतात, पण पोषणात फरक नाही. उलट मे महिन्यात फलित अंडं दिवसभर टोपलीत राहिलं तर आपल्या उकाड्यात त्यात पिल्लाची सुरुवात होऊ शकते. कोंबडा असेल तर अंडी दिवसातून दोनदा उचलायची आणि फ्रिजमध्ये टाकायची. नसेल तर एवढी काळजी नाही.

कोंबडा ठेवण्याचं पहिलं खरं कारण म्हणजे पिल्लं काढायची असणं. दुसरं राखण. चांगला कोंबडा घारीची सावली दिसताच विशिष्ट आवाज काढतो आणि सगळा कळप झुडपाखाली पळतो. मुंबईत घारी आणि कावळे दोन्ही भरपूर, त्यामुळे पिल्लं मोकळी फिरणार असतील तर याला किंमत आहे. पण मुंगसापुढे, खारफुटीतून येणाऱ्या कोल्ह्यापुढे किंवा आरेच्या पाड्यांत फिरणाऱ्या बिबट्यापुढे कोंबडा काही करू शकत नाही. तिथे जाड जाळी आणि पक्की कडीच लागते.

संख्येचा हिशोबही बघा. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हे सर्वसाधारण प्रमाण. घरी चार-पाचच कोंबड्या असतील तर एक कोंबडासुद्धा त्यांना जास्त होतो. लाडक्या एक-दोघींची पाठ उघडी पडते. अशा घरात माझं मत सरळ आहे: एकही ठेवू नका. पिल्लं हवीच असतील तर फलित अंडी आणून खुडकीखाली ठेवता येतात, एकवीस दिवसांचं काम.

आता आवाज, आणि मुंबईत हाच मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो. जवळून मोजली तर बांग शंभर डेसिबलच्या वर जाते. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. बांगेची वेळ नेमकी त्यातच येते. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबडा नुसता उजेड बघून आरवत नाही, त्याच्या शरीरातलं घड्याळच त्याला पहाटेच्या आधी उठवतं. जूनमध्ये मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, म्हणजे पहिली बांग चारच्या आसपास. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही हे आपल्याला पाठ आहे. झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही, हे शेजारी सांगतात.

त्याच गटाने पुढे २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. कळपात सर्वांत वरचढ असलेला कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्यामागून, आपापल्या पायरीने. वरचढाला बाजूला काढलं की दुसरा पहिला होतो. ठरवणाऱ्यासाठी याचा अर्थ मोठा आहे. तीनचे दोन केल्याने, किंवा ‘तो मोठ्याने ओरडणारा’ तेवढा काढल्याने पहाटेची तक्रार मिटत नाही. आवाजाच्या बाजूने फरक पडतो तो एकाचा शून्य केल्यावर. कोंबड्यांच्या पाठीच्या बाजूने मात्र तीनचा एक केला तरी मोठा फरक पडतो. तुमची अडचण शेजारी आहे की खुराड्यातली ओढाताण, हे आधी ठरवा. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

ठेवायचाच तर कोणता

बहुतेक जण सर्वांत मोठा, झळाळता, आधी आरवलेला ठेवतात. तो बरेचदा सर्वांत दांडगटही असतो. मी उलटं बघेन. दाणा टाकल्यावर स्वतः न गिळता चोचीत उचलून-टाकून कुक-कुक करत कोंबड्यांना बोलावतो तो कोणता? पंख जमिनीकडे झुकवून तिच्याभोवती फेर धरतो आणि ती सरकली तर सोडून देतो तो कोणता? हे वागणं चार महिन्यांत अर्धवट दिसतं, सहा-सात महिन्यांत पक्कं होतं. म्हणून जागा असेल तर दोन उमेदवार थोडे दिवस राखून ठेवणं शहाणपणाचं.

माणसाच्या पायावर धावून येणारा मात्र पहिल्या यादीतच जावा. वयाबरोबर काही निवळतात, पण हा स्वभाव काही अंशी वंशातूनही येतो, त्याचीच पिल्लं काढण्यात अर्थ नाही. घरात लहान मूल असेल तर प्रश्नच नाही: मुलाचा चेहरा कोंबड्याच्या उडीच्या उंचीवर असतो.

वेगळं खुराडं

नरांचा वेगळा गट करून ठेवणं हा पर्याय लोकांना विचित्र वाटतो, पण चालतो. एकत्र वाढलेले भाऊ, समोर कोंबड्या दिसत नसतील तर, थोडं ढकलाढकलीवर भागवतात. मारामारी पेटते ती नजरेसमोर माद्या असल्या की, किंवा एखादा चार दिवस बाहेर राहून परत आला की. मग तो परकाच. असील या झुंजीच्या जातीच्या रक्ताचे असतील तर हा प्रयोग करू नये, ते रक्त निघाल्यावरही थांबत नाहीत.

खर्च? एक कोंबडा दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खातो. तिघांचे महिन्याला दहा किलो. खाद्य किलोला चाळीस रुपये धरलं तर चारशे रुपये, अंडं एकही नाही. दोन महिन्यांनी खायचे किंवा विकायचे असतील तर हा खर्च मांसात वसूल होतो. वर्षभर ठेवायचे असतील तर हौस म्हणून मोजा. एक फायदा असा की खाद्य वेगळं देता येतं. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या कोंबड्यांच्या मूत्रपिंडांना ते बाधतं. कळप एकत्रच असेल तर सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा बाजूला वाटीत ठेवा. जिला हवा ती खाते. कोळीवाड्यात शिंपल्यांची वाण नाही.

पावसाळ्यात मात्र दुसरं खुराडं म्हणजे दुप्पट ओल. तूस भिजलं की रक्ती हगवण आलीच. कोरडं छप्पर आणि पक्ष्यामागे आतली तीन-चार चौरस फूट जागा देता येत नसेल, तर या पर्यायाकडे वळू नका.

खाणं, विकणं, देऊन टाकणं

या तिघांत खाणं सर्वांत प्रामाणिक. पाच महिन्यांचा गावठी कोंबडा साधारण सव्वा-दीड किलोचा भरतो आणि अजून कोवळा असतो. आठव्या महिन्यानंतर त्याला कुकरच लागतो. आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी चालू. स्वतःला जमत नसेल तर ओळखीचा चिकनवाला कापून देतो. कापल्यावर लगेच चुलीवर न चढवता रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर सागोती मऊ होते. पिसं-आतडी गटारात किंवा खाडीत नको. घुशी आणि कुत्री दुसऱ्या रात्रीपासून खुराड्याचा रस्ता शिकतात.

विकण्यात सगळा खेळ वेळेचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेली पिल्लं गटारीच्या सुमारास बरोबर वजनाला येतात आणि तेव्हा गावठीला भाव चढा असतो. आठवडा उशीर झाला की श्रावण लागतो, आणि गिऱ्हाईक गणपतीनंतर बघू म्हणतं. गोराई-मनोरीच्या ख्रिस्ती घरांत हे गणित नाताळाचं. त्यासाठी पिल्लं भर पावसात काढावी लागतात, मरही जास्त होते.

देऊन टाकणं ऐकायला सर्वांत दयाळू. पण फुकटचा कोंबडा घेणारा तो बहुधा कापायलाच घेतो. यात वाईट काही नाही, फक्त स्वतःला फसवू नये. ‘असील आहे का’ म्हणून खास विचारणारा आला तर देऊ नका: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंज लावणं गुन्हा आहे. देवळाच्या आवारात किंवा आरेच्या झाडीत सोडून येणंही त्याच कायद्यात बसतं, शिवाय तो पहिल्या रात्रीच कुणाचं तरी जेवण होतो. गावी नातेवाइकांकडे पाठवणं चांगलं, त्यांनी त्याला दोन-तीन आठवडे आपल्या कळपापासून लांब ठेवला तर. मानमोडी (राणीखेत रोग) अशीच एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

गळ्यात बांधायचे पट्टे ऑनलाइन मिळतात. आवाज थोडा बसतो, पण जरा घट्ट झाला तर पक्षी गुदमरतो, आणि वाढत्या कोंबड्याची मान आठवड्यागणिक जाड होते. मी बांधणार नाही. खच्ची करणं तर सोडूनच द्या. कोंबड्याचे वृषण पोटात असतात, म्हणजे ती पोट फाडून करायची शस्त्रक्रिया आहे.

मग कुठे काय? वेसावे, खारदांडा, वांद्र्याची गावठाणं, जिथे भिंतीला भिंत आहे: कोंबडे शून्य, आणि तेही चौथा महिना संपायच्या आत. मनोरी-गोराईला वाडी असेल, दहाच्या वर कोंबड्या असतील आणि शेजारीही कोंबडे पाळत असतील तर एक ठेवा, एक राखीव महिनाभर. आरेच्या पाड्यांत एक ठेवायला हरकत नाही, पण पहिला खर्च बंदिस्त खुराड्याचा. सोसायटीच्या गच्चीवर कोंबड्या चालवून घेणारे शेजारी भेटले असतील तर तेवढ्यावरच समाधान माना.

काढायचे ते एकेक करून नका काढू. दर वेळी उरलेल्यांत पायरी नव्याने ठरते आणि भांडणं पुन्हा सुरू होतात. रात्री सगळे आढ्यावर शांत बसलेले असताना एकाच खेपेत उचलावेत. आणि शेवटचा कोंबडा जाणार असेल, पण अजून एकदा पिल्लं हवी असतील, तर घाई नाही: तो गेल्यावरही आठ-दहा दिवस बहुतेक अंडी फलित येतात. तेवढ्यात एखादी खुडूक बसली तर तीच अंडी तिच्याखाली ठेवा.