पाकिटातली भेंडी, हातगाडीवरची भेंडी

सुटी भाजी आणि पाकीटबंद भाजी यांतला फरक कळायला भेंडीसारखी दुसरी भाजी नाही. हातगाडीवर ढिगातून एकेक उचलता येते. शेंडा अंगठ्याने वाकवला की कट्‌कन मोडतो ती कोवळी, नुसता लवतो ती जून. (भाजीवाल्याला हे आवडत नाही आणि त्याचं चुकत नाही, शेंडे मोडलेली भेंडी मागून कोण घेणार? दोन-तीन मोडून बघा, बाकीच्या बोटाएवढ्या लांबीच्या आणि अंगावर लव असलेल्या निवडा.) सुपरमार्केटातल्या ट्रेमध्ये तीच भेंडी एका दिशेला देठ करून कवायतीला उभी केल्यासारखी लावलेली असते. वरचा थर हिरवागार. वरून ताणलेल्या पातळ प्लॅस्टिकला आतून पाण्याचे थेंब धरलेले असतात, आणि भेंडी जिथे त्या थेंबांना किंवा तळाला टेकते तिथे आधी काळा डाग आणि दुसऱ्या दिवशी बुळबुळ. म्हणून ट्रे आधी उलटा करून बघायचा. तळ अपारदर्शक असेल तर जागच्या जागी ठेवून द्यायचा.

हे थेंब येतात कुठून? तोडल्यावरही भाजीचा श्वास चालूच असतो, त्यात ओलावा आणि ऊब बाहेर पडते. पिशवी पूर्ण बंद असली की तो ओलावा आतच साचतो. थंड कपाटातून पाकीट काढून अर्धा तास उन्हात दुचाकीला लटकवलं आणि घरी परत फ्रीजमध्ये टाकलं, की आत पाणी धरायला एवढं पुरतं. चांगल्या पाकिटाला भोकं असतात. भोकं नसलेल्या पिशवीत पालेभाजी, काकडी, भेंडी, ढोबळी मिरची घेऊ नये. घेतलीच तर घरी आल्या आल्या फोडून, पुसून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवावी.

पाकिटावरच्या तारखेबद्दलही गैरसमज फार. ती पॅकिंगची तारीख असते, तोडणीची नव्हे. शेतातून बाजार समिती, तिथून गोदाम, गोदामात निवड, मग पॅकिंग. कालची तारीख असलेली मेथी परवाची किंवा त्याआधीचीही असू शकते. तारीख वाचण्यापेक्षा देठाचा कापलेला भाग बघा. फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली, पालक, सगळ्यांचं वय तिथे लिहिलेलं असतं: ताजा काप ओलसर फिकट, जुना तपकिरी आणि आत ओढलेला. द्राक्षांत घडाची काडी हिरवी हवी. काडी वाळून तपकिरी झाली असेल तर मणी कितीही टपोरे दिसोत, हलवले की गळतात.

पालेभाज्या सुट्याच घ्याव्यात, यात फारसा वाद नाही. फक्त जुडी हातात घेतल्यावर पानं बघून थांबू नये. कोथिंबिरीची गड्डी सुतळीने बांधलेल्या जागी बोटांनी थोडी फाकवा. सड सुरू होते ती तिथे, कारण हवा लागत नाही आणि विक्रेता दिवसभर वरून पाणी मारत असतो. जुडीवर घेताना पाण्याच्या वजनाचे पैसे पडत नाहीत, पण ओल घरी येते. पावसाळ्यात तर जुडी सोडून, पेपरवर पसरून, पंख्याखाली तासभर ठेवल्याशिवाय फ्रीजमध्ये घालू नये. निवडलेली मेथी पाकिटात मिळते, ती त्याच रात्री फोडणीला जाणार असेल तरच घ्यावी. खुडलेली पानं अख्ख्या जुडीपेक्षा आधी काळी पडतात.

सोललेल्या-चिरलेल्या मालाचा हिशेब वेगळा करावा लागतो. मटाराच्या किलोभर शेंगांतून साधारण साडेचारशे ते पाचशे ग्रॅम दाणे निघतात. शेंगा 60 रुपये किलो धरल्या तर 200 ग्रॅम दाणे घरी 24 ते 27 रुपयांना पडतात. तेवढ्याच दाण्यांचं पाकीट 50 ला असेल तर उरलेले पैसे सोलण्याच्या मजुरीचे. ते द्यायला हरकत नाही, उलट कापलेल्या फणसाला तर आनंदाने द्यावेत, कारण घरी चीक, तेल आणि विळी यांचा सोहळा टळतो. पण डाळिंबाच्या दाण्यांची डबी घेताना तळाशी लाल पाणी साचलं आहे का ते बघा. साचलं असेल तर आंबायला सुरुवात झालेली असते. सोललेल्या लसणाचं पाकीट फुगलेलं असेल तर घेऊ नका.

आता पाकिटाच्या बाजूने. मशरूमला पाकीटच बरं, ते इतकं नाजूक असतं की ढिगात टाकून दहा हात लागले की तपकिरी होतं. 200 ग्रॅमच्या पाकिटात टोप्या पांढऱ्या, कोरड्या आणि खालून मिटलेल्या हव्यात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचंही तसंच, सुटी घेतली तर घरी जाईपर्यंत जॅम. मात्र डबी उलटी करून बघायचीच, मोठी फळं वर आणि चेपलेली खाली ही रचना सनातन आहे. द्राक्षांची भोकांची डबी चांगली, मणी कमी गळतात. या तिन्ही मालांत पाकीट खरोखर काही काम करतं. बटाट्याच्या बाबतीत ते उलटं काम करतं: पारदर्शक पिशवीतले बटाटे दुकानाच्या दिव्याखाली पडून हिरवे होतात, त्या हिरव्या भागात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं आणि चव कडवट होते. बटाटा-कांदा सुटा किंवा जाळीच्या पिशवीत.

वजनाकडे येऊ. दांडी मारण्याची प्रसिद्धी सुट्या मालाची, पण पाकीटवालेही धुतल्या तांदळासारखे नसतात. पाकिटावर निव्वळ वजन छापलेलं असतं, म्हणजे ट्रे आणि प्लॅस्टिक वगळून. 500 ग्रॅमच्या पाकिटात 15 ग्रॅमपर्यंतची तूट कायद्यात बसते. त्याहून जास्त भरली तर वैधमापनशास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. ॲपवर ‘400–500 ग्रॅम’ किंवा ‘4 ते 6 नग’ असं लिहिलेलं असतं, तिथे दर काढताना नेहमी खालचा आकडा धरा. 40 रुपयांचा पुडा 500 ने भागला तर 80 रुपये किलो, 400 ने भागला तर 100. घरी काटा असेल तर दोन-तीनदा वजन करून बघा, माल बहुधा कुठल्या टोकाला येतो ते लगेच कळतं.

हातगाडीवर आधी काटा शून्यावर आहे का बघायचं, तेही टोपली किंवा पिशवी वर ठेवून. मंडईत काट्याबद्दल शंका आलीच तर पिशवीतला एक किलोचा सीलबंद मिठाचा पुडा त्यावर ठेवा. पुडक्याच्या वजनासह आकडा किलोच्या किंचित वर दिसायला हवा. 980 दाखवत असेल तर काटा तुमच्या मिठावरही दांडी मारतोय. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, शिक्का बघायला मागितला तर गैर नाही. भाव विचारताना ‘पाव कसा?’ आणि ‘किलो कसा?’ दोन्ही विचारा. पाव 20 आणि किलो 70 असा भाव सर्रास असतो, त्यामुळे तीन पाव घेणाऱ्याचे 60 जातात आणि आणखी दहा रुपयांत किलो आला असता हे नंतर लक्षात येतं. संध्याकाळचा वाटा स्वस्त पडतो, पण तो त्या रात्रीच्या स्वयंपाकाचा माल, आठवड्याचा नव्हे.

सुपरमार्केटात सुटी भाजी स्वतः निवडून वजनाच्या काउंटरवर न्यायची सोय असते, निवडीच्या दृष्टीने दोन्हींतलं बरं ते तिथे मिळतं. चूक होते ती कोडची: देशी टोमॅटोला हायब्रिडचा, साध्या काकडीला इंग्लिश काकडीचा कोड टाकला जातो. स्टिकर चिकटवताच नाव आणि दर वाचा, बिलिंगच्या रांगेत कोणी दुरुस्त करत नाही. ॲपवरून मागवलेला माल डिलिव्हरीवाला वळायच्या आत फोडून बघा आणि फोटो काढा. परताव्याची मुदत छोटी असते, आणि दुसऱ्या दिवशीची सड तुमच्या फ्रीजची समजली जाते.

पिशवी घरूनच न्यावी. महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे, देशभरात 120 मायक्रॉनहून पातळ कॅरीबॅग 2022 च्या अखेरीपासून चालत नाही. दोन कापडी पिशव्या पुरतात: एकीत कांदा-बटाटा-भोपळा, दुसरीत पालेभाजी आणि टोमॅटो.

राहिला आंबा. हापूसची पेटी हाही पाकीटबंद मालच, आणि त्यात फसवणुकीला सर्वांत जास्त जागा. पाच डझनी पेटी घेताना वरचा थर बघून पैसे देऊ नयेत, तळाचा थर उपसायला लावावा. आकार एकसारखा हवा, देठाशी वास हवा. रंग नंतर बघा. पिवळाधमक पण देठाशी बिनवासाचा आंबा घाईने पिकवलेला असण्याची शक्यता जास्त. पेटीत पुडी सापडली तर वाचा: इथिलीनच्या पुडीला परवानगी आहे, फक्त ती फळाला थेट लागता कामा नये. नाव नसलेली, करड्या खड्यांची, लसणासारखा वास येणारी पुडी म्हणजे कॅल्शियम कार्बाइड, आणि त्याने फळ पिकवायला बंदी आहे. ती पेटी तिथल्या तिथे परत. डझनावर सुटे, थोडे कच्चे आंबे घेऊन घरी गवतात आढी घातली तर रोज चार-पाच तयार होत जातात आणि एका दिवसात साठ आंबे संपवायची वेळ येत नाही.