हातपंप: ब्रेकला पूर्ण, इंजिनाला अपुरा

माझी जुनी पेट्रोल स्विफ्ट आता फक्त ट्रॅकवर पळते आणि तिचे ब्रेक ऑइल व इंजिन ऑइल मी नाशिकच्या अंबडमधल्या शेडमध्ये स्वतःच बदलतो. मागच्या खेपेला कोईमतूरच्या 2.1 किलोमीटरच्या करी मोटर स्पीडवेवर शेवटच्या फेऱ्यांत ब्रेकचे पेडल मऊ पडले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते. डॉट 4 प्रतीचे ब्रेक ऑइल नवे असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की हीच हमी 155 अंशांवर येते, आणि उकळलेल्या तेलाची वाफ नळीत साचली की पाय फक्त ती वाफच दाबत राहतो.

परतल्यावर द्वारका भागातल्या दुकानातून जुने तेल ओढून काढायचा, सहा लीटर टाकीचा, बिननावाचा हातपंप 2,800 रुपयांना आणला. दांडा वीस-पंचवीस वेळा ओढला की टाकीत पोकळी तयार होते. मग नळी ब्रेकच्या निप्पलला (चाकाजवळच्या, तेल काढायच्या पोकळ स्क्रूला) लावा किंवा इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीच्या, म्हणजे डिपस्टिकच्या भोकात सोडा, दोन्ही कामे होतील, असे खोक्यावर छापले आहे.

ब्रेकचे काम खरोखर होते. एरवी पेडल 'दाबून धर' म्हणायला रविवारी सकाळी धाकट्या भावाला उठवावे लागे. या वेळी मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबले की तेल चाकांकडे ढकलणाऱ्या भागापासून) सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करून चारही चाके मी एकट्याने केली आणि कोऱ्या चहाच्या रंगाचे तेल जाऊन नळीत फिकट पिवळे तेल दिसू लागले. पंपाची ओढ जोरदार असल्याने मास्टर सिलिंडरवरची ब्रेक ऑइलची डबी सारखी भरत राहावी लागते, नाहीतर तिथूनच हवा आत शिरते. पहिल्या चाकाला बुडबुडे काही केल्या थांबेनात, तेव्हा पाऊण तास वाया गेला. ती हवा ब्रेकच्या नळीतली नव्हतीच. सैल केलेल्या निप्पलच्या आट्यांतून ती ओढली जात होती. आट्यांभोवती बाहेरून ग्रीस लावताच बुडबुडे थांबले. सोबतच्या कागदावर याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

इंजिनाच्या बाबतीत मात्र माझी निराशा झाली. इंजिन कोमट करून तेल उपसले, टाकीत जवळपास तीन लीटर आले, आणि तरीही खात्रीसाठी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा बोल्ट उघडला तेव्हा कपभर काळे तेल आणखी निघाले. रोजच्या गाडीला तेवढे चालून जाईल. ट्रॅकवर लांब वळणात तेल एका बाजूला सरकून बेअरिंग कोरडे पडण्याची भीती असते, आणि झीज झालीच तर तिचा पुरावा नेमका या तळाच्या कपात सापडतो. बेअरिंगचा चुरा बहुधा लोहचुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात चमक पाहावी लागते. पंपाने ही पाहणीच टळते.

पंप ब्रेकसाठी घ्यावा, पण एकच नळी दोन्हीकडे वापरू नये, कारण इंजिन ऑइलच्या अंशानेही ब्रेकचे रबरी सील फुगतात. मी दुसरी नळी आणून तिला लाल दोरा बांधला आहे.