ईएबीएस की ब्वोतो? बॅगेत जागा एकाच रेकॉर्डची

माझ्या भाच्याचा ऑफिसातला एक मित्र पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरातून पुण्याला येणार होता. कपड्यांच्या घड्यांमध्ये घालून एक एलपी सांभाळून आणतो म्हणाला. एकच, दोन नाही. भाचा म्हणाला, "मामा, ब्वोतो सांगतो." मी म्हटलं, "छे, ईएबीएस." पाऊण तास वाद झाला. मजा अशी की ज्या दोन बँडांवरून आम्ही हमरीतुमरीवर आलो, त्यांत वाजवणारी चार माणसं तीच आहेत!

म्हणजे हा वाद वादकांचा नव्हताच. तेच हात, तीच वाद्यं, तरी एक ऐकताना आपण खुर्चीत स्थिर होतो आणि दुसरं ऐकताना खुर्ची हलायला लागते. पोलंडच्या आजच्या जॅझकडे नव्याने वळणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडणार, म्हणून त्या पाऊण तासातलं जे कामाचं होतं ते इथे मांडतो.

आधी ओळख. ईएबीएस म्हणजे इलेक्ट्रो-अकूस्टिक बीट सेशन्स. व्रोत्सवाफच्या पझल नावाच्या क्लबात जॅम, म्हणजे आयत्या वेळी मिळून वाजवण्याच्या बैठकी, रंगायच्या, त्यातून हा गट उभा राहिला. कीबोर्डवर मारेक पेंजिव्यात्र ऊर्फ लातार्निक, टेनर सॅक्सोफोनवर ओलाफ वेंग्येर, ट्रम्पेटवर याकुब कुरेक, बासवर पावेव स्ताखोव्याक आणि ड्रम्सवर मार्चिन राक. यातून ट्रम्पेट वजा करा, ब्वोतो उरतो. तिथे मात्र ही मंडळी टोपणनावं घेतात : लातार्निक तसाच राहतो, बाकीचे ओलाफसॅक्स, वूया एचझेडजी आणि कॅन्सर जी होतात. रॅपरांना शोभावीत अशी ही नावं आहेत, आणि ती उगाच घेतलेली नाहीत. (पोलिशमध्ये 'एल'वर तिरकी रेघ आली की त्याचा उच्चार 'व' होतो, म्हणून ब्लोटो नव्हे, ब्वोतो. अर्थ चिखल.) दोन्ही बँडांच्या रेकॉर्डी अॅस्टिग्मॅटिक रेकॉर्ड्स या एकाच कंपनीच्या.

कंपनीच्या या नावातच ईएबीएसची गुरुकिल्ली आहे. 'अॅस्टिग्मॅटिक' ही क्षिश्तोफ कोमेदाची 1966 सालची रेकॉर्ड. कोमेदा पेशाने कान-नाक-घशाचा डॉक्टर, खरं आडनाव त्शचिन्स्की. कम्युनिस्ट राजवटीच्या सुरुवातीच्या वर्षांत पोलंडमध्ये जॅझ म्हणजे अमेरिकेचा शिरकाव मानला जायचा, आणि ते संगीत लोकांच्या घरांतून, दारं लावून वाजवलं जायचं. त्या काळाला तिथले लोक आजही तळघरांचा काळ म्हणतात. दवाखान्यातल्या सहकाऱ्यांना डॉक्टरसाहेब रात्री काय उद्योग करतात ते कळू नये म्हणून 'कोमेदा' हे नाव. 1956 मध्ये सोपोतला जॅझचा पहिला मोठा महोत्सव झाला आणि हे सगळं उजेडात आलं. पुढे त्याने रोमान पोलान्स्कीच्या चित्रपटांना संगीत दिलं, आणि 1969 मध्ये अडतिसाव्या वाढदिवसाच्या चार दिवस आधी तो गेला. पोलिश जॅझवाल्यांसाठी कोमेदा म्हणजे घराण्याचा मूळ पुरुष.

ईएबीएसने 2017 मध्ये पहिलाच मोठा घास त्याचा घेतला : 'रिपिटिशन्स', उपशीर्षक 'कोमेदाला लिहिलेली पत्रं'. आता अशा आदरांजलीच्या रेकॉर्डी बहुधा कंटाळवाण्या असतात. मूळ चीज आहे तशी वाजवायची, मधे चार ताना घ्यायच्या, हात जोडून उठायचं. यांनी तसं केलं नाही. कोमेदाच्या कमी कानांवर पडलेल्या रचना घेतल्या, आणि त्यांतलीही अख्खी रचना घेतली नाही. कुठेतरी मधेच एक सुंदर जागा असते, मूळ रचनेत ती एकदा येते आणि निघून जाते. ती उचलली आणि तिचंच आवर्तन केलं. आपल्याकडे मुखडा धरून पुन्हा पुन्हा समेवर येतात, पण तो मुखडा बंदिशीच्या तोंडाचा असतो. इथे अंतऱ्यातली कोपऱ्यातली एखादी जागा उचलून तिलाच मुखडा केलंय, अशी कल्पना करा.

ही युक्ती जॅझची नाही, हिपहॉपची आहे. जुन्या रेकॉर्डींचा ढीग उपसायचा, चार सेकंदांचा तुकडा शोधायचा आणि तो फिरवत ठेवायचा. याच व्रोत्सवाफच्या स्काल्पेल या जोडीने हे आधीच केलं होतं. 2004 साली लंडनच्या निंजा ट्यून कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढली, तीत साठ-सत्तरच्या दशकांतल्या पोलिश जॅझचे तुकडे सॅम्पलरमधून, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रातून, जोडलेले होते. (कुणी तिसरा पर्याय विचारला तर स्काल्पेल. पाहुणे येणार असतील तेव्हा उत्तम. जीव मात्र गुंतत नाही.) ईएबीएसने सॅम्पलरचं काम हातांनी केलं. यंत्रातला तुकडा दहाव्या फेरीलाही हुबेहूब तोच असतो. माणसाने वाजवलेला तुकडा दहाव्या फेरीला थोडा थकतो, थोडा चिडतो, मधेच मोकळा होतो. मला ईएबीएस धरून ठेवतो तो त्यासाठी.

नंतर 2019 मध्ये 'स्लाविक स्पिरिट्स' आली. इथे कोणाच्या रचना नाहीत. पोलिश जॅझला पोलिश का म्हणायचं, त्यातली ती विशिष्ट उदासी कुठून येते, हा प्रश्न घेऊन मंडळी थेट ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या लोककथांत शिरली. एक रचना श्लेंझाच्या नावाची आहे. श्लेंझा हा व्रोत्सवाफजवळचा 718 मीटरचा डोंगर, जुन्या काळचं देवस्थान. दुसरी आहे 'पोवुद्नित्सा', आणि हिच्यापाशी मी थांबलोच. पोवुद्नित्सा म्हणजे दुपारची बाई. पांढऱ्या कपड्यांत, ऐन बाराच्या उन्हात शेतात काम करणाऱ्याला धरते. आमची आजी "टळटळीत दुपारी पिंपळाखालून जाऊ नकोस रे" म्हणायची, ती बहुधा हिच्याच कुठल्या चुलत बहिणीबद्दल. या रेकॉर्डवर इंग्लंडचा बासरी-सॅक्सोफोनवाला टेंडरलोनियस पाहुणा म्हणून आहे. घाई कुठेच नाही. ढग भरून यावेत तशी रचना भरत जाते. पहिल्या ऐकण्यात "अजून सुरू का होत नाही?" असं वाटलं तर दचकू नका. विलंबित ऐकणाऱ्याला ही अडचण यायला नको.

त्यांच्या बाकीच्या रेकॉर्डी भराभर सांगतो. 2020 मध्ये सन रा या अमेरिकन अवलियाच्या रचना घेतल्या. ती मला अर्धीच आवडली. 2022 ची '2061' अधिक यांत्रिक, ब्वोतोच्या बाजूला झुकलेली. 2024 ची 'रिफ्लेक्शन्स ऑफ पर्पल सन' मात्र जरूर ऐका. तोमाश स्तान्को हा कोमेदाच्या 'अॅस्टिग्मॅटिक'वरचा ट्रम्पेटवाला. त्याची 'पर्पल सन' 1973 मध्ये म्यूनिकमध्ये ध्वनिमुद्रित झाली होती. म्हणजे सुरुवात कोमेदापासून, आणि सात वर्षांनी त्याच्या सर्वांत नामांकित साथीदाराकडे. इथे याकुब कुरेकच्या ट्रम्पेटला लपायला जागाच नाही. ज्याच्या वाद्यावर स्तान्कोची सावली पडलेली आहे तेच वाद्य घेऊन स्तान्कोसमोर उभं राहायचं, आणि तो उभा राहतो.

आता ब्वोतो. हा बँड ठरवून निघालाच नाही. ईएबीएसच्या दौऱ्यात दोन कार्यक्रमांच्या मधे एक मोकळा दिवस मिळाला, चौघं स्टुडिओत शिरले आणि काही न ठरवता वाजवत सुटले. ते 2020 मध्ये 'एरोझ्ये' नावाने बाहेर आलं. एरोझ्ये म्हणजे धूप, मातीची. त्याच वर्षी 'क्व्यातोस्तान', म्हणजे फुलोरा. मग 2021 ची 'क्वासी इ झासादी', शाळेच्या विज्ञानातलं आम्ल आणि आम्लारी. पण पोलिशमध्ये झासादी म्हणजे नियमही. त्यानंतर 'ग्झिब्न्या', बुरशीचं मातीखालचं जाळं. चिखलातून फुलोरा, फुलोऱ्यातून बुरशी. पाठ्यपुस्तकासारखी नावं आणि संगीत मात्र रात्री दोनच्या क्लबातलं.

इथे कोणाला पत्र लिहिलेलं नाही. बास आणि ड्रम्स आधी येतात आणि तेच मालक असतात. बासचा आवाज जाडाभरडा. छोट्या स्पीकरवर ऐकाल तर निम्मं संगीत गायब. मार्चिन राक ठोका किंचित मागे ओढून मारतो, हिपहॉपचे बीट बनवणारे जाणूनबुजून ठेवतात तो लंगडा झोल इथे हाडामांसाचा माणूस काढतो. लातार्निक पियानोवरून सिंथेसायझरवर येतो आणि दोन-तीन सुरांत काम भागवतो. सॅक्सोफोन इफेक्टमधून घुसळून येतो, कधी कधी तो सॅक्सोफोन आहे हेही उशिरा कळतं. रचना आटोपशीर असतात. मान कधी डोलायला लागली ते कळत नाही. "हे जॅझ आहे का?" असं भाच्याला विचारलं तर म्हणतो, "मामा, तू ऐक ना."

ऐकलं. कबूल करतो, 'एरोझ्ये' जबरदस्त आहे. त्या मोकळ्या दिवसाचा बेफिकीरपणा पुढच्या रेकॉर्डींत तेवढा राहिला नाही, असं माझं मत. चिखल हळूहळू सिमेंट होत गेला. 'क्वासी इ झासादी' नाचायला बरी, पण घरी बसून सलग ऐकली की अर्ध्यावर एकसुरी वाटते. भाच्याला नेमकी तीच सर्वांत प्रिय. तो हेडफोन लावून मेट्रोने जातो, मी दिवाणखान्यात ऐकतो. यात बरंच काही आलं.

दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे असतील तर ट्रम्पेटकडे लक्ष द्या. ईएबीएसमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन एकमेकांशी बोलतात; एक मूळ सूर धरतो, दुसरा त्याला प्रश्न विचारतो. ट्रम्पेट गेलं की संवाद गेला, एकटा सॅक्सोफोन उरतो आणि तो बाससमोर बोलण्याऐवजी बासवर स्वार होतो. दुसरं म्हणजे पूर्वज्ञान. ईएबीएस ऐकण्यापूर्वी कोमेदाची 'स्वांतेतिक' ही एक रचना जरी ऐकलीत तरी मजा दुप्पट होते. ईएबीएसनेही ती वाजवलेली आहे, तेव्हा पाठोपाठ लावून बघा. ब्वोतोला असला गृहपाठ लागत नाही. काहींना हा ब्वोतोचा मोठेपणा वाटेल. मला नाही वाटत. मूळ बंदिश माहीत असली की गायकाने काय बदललं ते कळतं, आणि ते कळण्यातच माझा अर्धा आनंद असतो. तुमचा नसेल, तर माझा सल्ला उलटा धरा.

हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या कानासाठी एक आडवाट आहे, आणि वादात ती मला उशिरा सुचली. लाहोरचा जौबी नावाचा गट आहे. नाव उर्दूतल्या 'जो भी'वरून, म्हणजे वाट्टेल ते! त्यात गिटार आणि ड्रम्सच्या जोडीला चक्क सारंगी आणि तबला. 2021 ची त्यांची 'नफ्स अॅट पीस' ही रेकॉर्ड याच पोलिश कंपनीने काढली आणि तीत लातार्निक कीबोर्डवर आहे. मग 2023 मध्ये ईएबीएस आणि जौबी दोघांची मिळून 'इन सर्च ऑफ अ बेटर टुमॉरो' आली. ओळखीचं काहीतरी धरून आत शिरायचं असेल तर इथून शिरा. फक्त झोहेब हसन खान यांची सारंगी ख्यालाच्या साथीत ऐकतो तशी गळ्याच्या मागोमाग जात नाही. ती छोटे तुकडे टाकते आणि गप्प बसते. पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मला तिचं गप्प बसणंच जास्त आवडलं.

पैशांचं थोडं. नुसतं ऐकायचं असेल तर दोन्ही बँड बँडकॅम्प या संगीतविक्रीच्या वेबसाइटवर आहेत, वाद घालायचं कारणच नाही. एलपी टपालाने मागवायची तर टपालखर्च आणि जकात धरून हिशेब करा. माझी एक जुनी मागवणी दीड महिना अडकली आणि आली तेव्हा कव्हरचा कोपरा चेपलेला होता. ब्वोतोच्या छोट्या आवृत्त्या लवकर संपतात, म्हणून आवडली असेल तर रेंगाळू नका. प्रत्यक्षच ऐकायला जाणार असाल तर मात्र मी निःसंकोच भाच्याच्या बाजूने : उभ्या गर्दीत, मोठ्या स्पीकरांसमोर, ब्वोतो.

तर एकच घ्यायची असेल आणि घरी बसून ऐकायची असेल तर 'स्लाविक स्पिरिट्स'. रॅप, हाउस, असल्या गोष्टींवर वाढला असाल तर 'एरोझ्ये', आणि तिथून मागे 'रिपिटिशन्स'कडे या. सुरुवातीलाच सन रा किंवा 'क्वासी इ झासादी' घेऊ नका, दोन्ही बँडांबद्दल गैरसमज होईल.

आमचा निकाल चिठ्ठी टाकून लागला. मी जिंकलो. मित्राने 'स्लाविक स्पिरिट्स' बनियनांच्या घडीत गुंडाळून सुखरूप आणली, आणि रविवारी बहिणीच्या घरी, कारण चांगले स्पीकर भाच्याकडे, आम्ही ती लावली. बाहेर मे महिन्याचं ऊन, घड्याळात बारा वाजून गेलेले. 'पोवुद्नित्सा' सुरू होऊन दोन-तीन मिनिटं झाली असतील, बहीण हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "भर दुपारी ही कसली भुताटकी लावलीय रे?"