सॅण्डविचला पोय की उंडो?

गोव्यातल्या फोंड्याची मावशी विचारते, रात्री सॅण्डविच करायचं तर पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, पोय घेऊ की उंडो? दोन्ही गोव्याचे पावच. किमतीत फारसा फरक नाही, तो विषय सोडा.

पोय आतून पोकळ. कड चिरली की पिशवीच. काकडी, कांदा, उकडलेलं अंडं भरा, काही सांडत नाही. गव्हाची म्हणून पोटभरीची. पण फोडून रंग बघा, वरून कोंडा भुरभुरलेली मैद्याचीही मिळते! शिळी झाली की चिवट होते, तव्यावर शेकावी लागते.

उंडो मैद्याचा, कवच कडक, आत मऊ. सॅलड भरायला गैरसोयीचा, पातळभाजी किंवा सूप टिपायला मात्र त्याच्यासारखा नाही. शिळ्याचे तुकडे भाजून टोमॅटो सूपवर टाका.

डब्याला किंवा मैदा टाळायचा असेल तर गव्हाची पोय. घरी गरमागरम भाजी-सूपच्या वाटीसोबत उंडो.