‘ॲब्सेंट’चा धडा : त्र्यंबक रस्त्यावरील एका इंग्रजी वर्गाचे परीक्षण

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील या इंग्रजी संभाषण वर्गाच्या सायंकाळच्या तुकडीत सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत काम करणारेच अधिक असतात. वर्गाची पारख करण्यास ‘ॲब्सेंट’ हा एक धडा पुरेसा वाटतो, कारण शाळेच्या हजेरीपासून कानावर पडलेल्या या शब्दात शिकण्यासारखे काय असणार, अशा समजुतीनेच सगळे त्याला बसतात.

व्याकरणाचा भाग उत्तम शिकवला जातो. विशेषण असताना आघात शब्दाच्या पहिल्या अवयवावर, म्हणजे उच्चारखंडावर, आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर येतो, हे बाई फळ्यावर लिहून न थांबता प्रत्येकाकडून वदवून घेतात. क्रियापदाला ‘मायसेल्फ’, ‘देमसेल्व्ह्ज’ असे आत्मवाचक सर्वनाम लागते, म्हणून ‘आय ॲब्सेंटेड यस्टरडे’ हे वाक्य चूक ठरते. पुढे ‘फ्रॉम’च का येते, याचा उलगडा त्यांनी मूळ लॅटिन घटकांतून केला : ‘अब’ म्हणजे पासून, दूर आणि ‘एसे’ म्हणजे असणे.

उपयोगाच्या बाबतीत मात्र छापील टिपण तोकडे पडते, कारण त्यात ‘ॲब्सेंट’, ‘अवे’ आणि ‘ऑन लीव्ह’ या तिन्हींपुढे ‘गैरहजर’ एवढाच अर्थ दिला आहे. वस्तुतः ‘ॲब्सेंट’मध्ये, जिथे असणे अपेक्षित होते तिथे माणूस नव्हता, ही छटा असते, मंजूर रजेवर असलेल्याला कचेरीत सहसा ‘ऑन लीव्ह’ म्हणतात. खाडा आणि रजा यांतला फरक कारखान्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगावा लागत नाही, तेव्हा तोच हाताशी धरून हा शब्द शिकवता आला असता. ‘आय विल बी ॲब्सेंट टुमॉरो’ असा मेल साहेबांना पाठवणारा रजा मागत नसतो, खाड्याची आगाऊ वर्दी देत असतो!

उदाहरणेही शाळकरी मुलांचीच आहेत. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या १९३६च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या इंग्रजी पाठातील नववे कलम घेतले असते, तर दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, रीतसर सूचना न देता आणि वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापण्याची तरतूद ‘ॲब्सेंट देमसेल्व्ह्ज’ याच शब्दांत वाचायला मिळाली असती आणि ती या तुकडीच्या कायमची लक्षात राहिली असती.

‘आउट ऑफ स्टेशन’ला टिपणाने सरसकट चूक ठरवले आहे, तेही पटत नाही. इंग्रज अमलात अधिकाऱ्याच्या नेमणुकीच्या ठिकाणाला स्टेशन म्हणत, त्यावरून आलेला हा प्रयोग आपल्याकडे सर्वांना कळतो. परदेशी ग्राहकाला लिहिताना तेवढे ‘आउट ऑफ टाउन’ किंवा ‘अवे’ लिहावे. उच्चार आणि वाक्यरचना पक्की करायची असेल, तर या वर्गाला अवश्य जावे. कचेरीच्या पत्रव्यवहारासाठी जाणाऱ्यांनी छापील टिपणावर विसंबू नये, शंका थेट बाईंना विचाराव्यात.