सोरा 9 स्पीड: सिंहगडाला पुरतो, पण मागची कॅसेट मोजून घ्या

सायकलच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "किती गिअरची?" घाटाच्या दृष्टीने याच्याइतका बिनकामाचा प्रश्न नाही. विचारायचं ते असं, की पुढच्या सगळ्यात लहान चक्राला दात किती आणि मागच्या सगळ्यात मोठ्याला किती. पहिला आकडा दुसऱ्याने भागा. उत्तर 1 च्या आसपास किंवा खाली आलं, तर पुढचं बोलू.

शिमानो कंपनीच्या सोरा आर3000 या गिअर संचात पुढे, पेडलांपाशी, 50/34 ची क्रँक असते, म्हणजे 50 आणि 34 दातांची दोन चक्रं. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांची चवड, मात्र सायकल कंपनी कोणती लावेल ते तिच्या मर्जीवर. 11-28 (सगळ्यात लहान चक्र 11 दातांचं, मोठं 28 चं) असेल तर भागाकार 1.21, 11-34 असेल तर बरोब्बर 1. कागदावर फरक किरकोळ वाटतो. रोड सायकलच्या नेहमीच्या 700 सी मापाच्या चाकाला मिनिटाला 60 पेडल मारली, तर पहिल्या जोडीत वेग ताशी 9.2 किलोमीटर राखावा लागतो, दुसऱ्या जोडीत साडेसातवर भागतं. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो धरा आणि चढ दहा टक्के. 28 दातांवर सुमारे 230 वॅट लागतात, 34 वर 190. हौशी सायकलस्वाराचे गुडघे नेमके याच 40 वॅटमध्ये जातात. इतका जोर निघत नाही, मग पेडलचा वेग 45 वर येतो आणि माणूस उभा राहून सायकल ढकलल्यासारखी चालवू लागतो.

सिंहगडाचा रस्ता नऊएक किलोमीटरांत जवळपास 600 मीटर चढतो. सरासरी सात टक्क्यांच्या आत आहे, पण सरासरीवर जाऊ नका. काही वळणं दहाच्या वर आहेत. तिथे 34/34, म्हणजे पुढे 34 आणि मागेही 34, हवाच. पोलादपूरहून महाबळेश्वरला नेणाऱ्या आंबेनळी घाटाचं गणित निराळं. तो सौम्य आहे, पण संपता संपत नाही. तिथे शेवटच्या चक्रापेक्षा मधल्या पायऱ्या किती जवळ आहेत याला महत्त्व.

सोरा क्लॅरिसच्या पुढे जातो तो इथेच. क्लॅरिस हा शिमानोचाच खालचा संच, 8 स्पीड, म्हणजे मागे आठ चक्रं. त्यात चालणाऱ्या काही 11-34 कॅसेटमध्ये 26 नंतर थेट 34 येतो. एका गिअरमध्ये पाय जड, पुढच्यात एकदम मोकळे, मधलं काही नाही. सोराच्या 9 स्पीड 11-34 मध्ये शेवट 23-26-30-34 असा उतरतो आणि पेडलचा ठेका मोडत नाही. क्लॅरिसच घ्यायचा असेल तर 11-32 बघा; त्याचा शेवट 24-28-32 आहे आणि 34/32 म्हणजे 1.06 चालवून घेता येतो.

आता 28 ची कॅसेट काढून 34 ची लावताना दुकानदार काय विसरतो ते. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या डिरेलरचा पिंजरा, म्हणजे दोन पुलींचा लोंबता भाग, लांब (जीएस) आहे का ते आधी पाहा. आखूड पिंजऱ्याची वरची पुली 34 च्या दातांना घासते. आणि जुनी चेन तशीच ठेवू नका. नवं चक्र सहा दातांनी मोठं, म्हणजे चेन दीड इंच कमी पडते. चुकून पुढे 50 आणि मागे 34 पडला की चेन ताणून डिरेलर पुढे खेचला जातो आणि डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर मोडतो, तोही भर चढावर. लांबी ठरवायची रीत सोपी: चेन डिरेलरमधून न ओवता दोन्ही मोठ्या चक्रांवरून फिरवा, टोकं जुळतील तिथे एक इंच वाढवा, मग तोडा. त्यानंतर डिरेलरचा पुलीचं अंतर ठरवणारा बी-स्क्रू पिळून वरची पुली आणि 34 चं चक्र यात 5-6 मिलिमीटर अंतर ठेवा. डिरेलरवरचा एल लिहिलेला स्क्रू सैल राहिला तर चेन चक्र ओलांडून थेट तारांत जाते, हे वेगळं सांगायला नको.

नव्या सायकलची गिअर केबल शंभरेक किलोमीटरांत थोडी सैल पडते आणि गिअर कटकट करू लागतात. मागच्या डिरेलरवर केबल शिरते तिथलं गोल नट अर्धा फेरा उलटं फिरवलं की बहुतेकदा आवाज थांबतो. नाही थांबला तर हँगर वाकलाय का बघा. सायकल गाडीच्या डिकीत उजव्या कुशीवर आडवी टाकून नेली की तो वाकतोच.

सोराची खरी उणीव सामान लादल्यावर दिसते. दोन पॅनिअर (चाकाशेजारी लटकणाऱ्या पिशव्या) आणि 15 किलो ओझं घेऊन घाट चढायचा असेल तर 34/34 तोकडा पडतो, आणि शिमानोचं 34 पेक्षा लहान चक्र या क्रँकला येत नाही. असं सामान नेणाऱ्यांनी पुढे तीन चक्रांचा सोरा, 50/39/30, शोधावा. 11-32 बरोबर तो 0.94 वर येतो. किंवा 48/38/28 ची ट्रेकिंग क्रँक असलेली हायब्रिड घ्यावी. ती दिसायला ढब्बू, पण 28/32 ला ताशी साडेसहावर शांतपणे चढते.