इंटेलचा आय-३ १२१००, आय-५ १२४०० की एएमडीचा रायझन ५ ५६००जी: पीसीसाठी प्रोसेसर कोणता घ्यायचा?

जळगावात असेंबल पीसीच्या कोटेशनवर दोन आकडे ठळक असतात: किती गिगाहर्ट्झ (सेकंदाला किती अब्ज ठोके) आणि किती कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग). गिऱ्हाईक फसतं ते याच आकड्यांवर.

२०११ चा आय-७ २६०० घ्या. ४ कोअर, ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), ३.४ गिगाहर्ट्झ. २०२२ च्या आय-३ १२१०० लाही तितकेच कोअर, तितकेच थ्रेड आणि ३.३ गिगाहर्ट्झ. कागदावर जुना वरचढ दिसतो, पण काम करताना नवा आय-३ त्याला सहज मागे टाकतो, कारण त्याचा प्रत्येक कोअर तेवढ्याच ठोक्यांत जास्त काम उरकतो. वर टर्बोत, म्हणजे गरज पडली की वाढणाऱ्या वेगात, तो ४.३ पर्यंत चढतो. जुन्या आय-७ ला विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबाही नाही. त्यामुळे ‘साहेब, आय-७ आहे’ म्हणून कोणी रिफर्बिश्ड डबा गळ्यात मारू लागला तर आधी पिढी विचारा. गिगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीत करायची.

तिथेही बेस (मूळ वेग) आणि टर्बो वेगळे बघा. आय-५ १२४०० चा बेस फक्त २.५, पण टर्बो ४.४ आणि कोअर ६. म्हणजे तो आय-३ पेक्षा हळू आहे असं नाही.

दाणाबाजारातल्या पेढीवर टॅली, बिलिंग आणि एक्सेलच चालणार असेल तर आय-३ घ्या. या कामात जास्तीचे कोअर बसून राहतात. वाचलेले पैसे एसएसडी आणि १६ जीबी रॅममध्ये घाला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओसाठी मात्र आय-५ च. एक्सपोर्टला (तयार व्हिडिओची फाइल काढताना) सहाही कोअर राबतात. फक्त १२४००एफ नको. त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणून वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय स्क्रीनच येत नाही आणि व्हिडिओ झटपट एन्कोड करणारं क्विक सिंकही जातं.

५६००जी ला ६ कोअर, बेस ३.९, बूस्ट ४.४. कार्ड न घेता थोडंफार गेमिंग करायचं असेल तर तिघांत हाच बरा. पण १६ जीबी रॅमची एकच काडी लावू नका, ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एका काडीत त्याला निम्मीच वाट मिळते. ८-८ च्या दोन लावा.

आता आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर, त्यात जिनिंगजवळ दुकान असेल तर कापसाचा फुफाटा प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत बसतो. १२४०० चं तापमान १०० अंशांना टेकलं की तो स्वतःच वेग उतरवतो. एक्सपोर्ट चालू करून पंधरा मिनिटांनी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा आणि ‘स्पीड’ बघा. आकडा २.५ च्या खाली घसरला असेल तर एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान तपासा. ब्लोअर मारूनही फरक पडला नाही तर प्रोसेसरसोबत येणाऱ्या इंटेलच्या बॉक्स कूलरच्या चारही प्लॅस्टिक पिना दाबून बघा. बऱ्याचदा एखादी नीट बसलेली नसते, कूलर एका बाजूने उचललेला राहतो. तो काढलाच तर प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, मगच बसवा.